दारू सुटल्यावरचा चेहरा

दारू सुटली आणि भारतचं तोंड फुटलं.

आधी हनुवटीवर दोन-चार लाल पुटकुळ्या आल्या. मच्छर चावले असतील म्हणून त्यानं तिकडं लक्ष दिलं नाही. मग त्या गालांवर चढल्या, कपाळावर पसरल्या, त्यांत पू धरला. नाकाच्या दोन्ही अंगांना कातडी सोलवटून पापुद्रे निघायला लागले. पस्तिशीतला माणूस, पण आरशात बघितलं की नुकतं मिसरूड फुटलेलं पोरगं दिसायचं, तेही आजारी.

गंमत अशी, की पीत होता तेव्हा हाच चेहरा तुकतुकीत होता. कुंभार पिंपळगावात त्याचं मोटार वायंडिंगचं दुकान. जळालेली मोटार घेऊन येणारी माणसं म्हणायची, "भारतभाऊ, तब्येत जमली तुमची." ती तब्येत नव्हती, दारूनं फुगलेल्या बारीक रक्तवाहिन्यांची लाली होती. आता एक थेंब न घेता दुकानात बसला, तर तीच माणसं मोटार खाली ठेवायच्या आधी विचारायची, "हात कापत न्हाईत ना?"

शेजारचा टपरीवाला बबलू तर तोंडावरच बोलायचा.

"सोडली म्हणतो अन् थोबाड बघ. डबल चालू केली का काय?"

"बबल्या, पोरीची शपथ. शिवलो बी न्हाई."

"मंग शरीर मागून राह्यलं. एक क्वार्टर मार, सगळं जागेवर बसतं का न्हाई बघ."

बबलू हसण्यावारी न्यायचा. पण दिवस कलला, की भारतच्या डोक्यात ते वाक्य माशीसारखं घोंगावायचं.

सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टर मॅडमनी त्याचं तोंड उजेडात धरून बघितलं आणि विचारलं, "गोड किती खाता?"

भारतनं आठवून सांगितलं. चहात तिप्पट साखर, बाजारच्या दिवशी पाव किलो गोडीशेव, येता-जाता गुळाचा खडा.

"दारू गेली की शरीर साखर मागतं. त्यात तुम्हाला झोप नाही, डोक्याला काळजी. कातडीतल्या तेलाच्या ग्रंथी चेकाळतात. गोड कमी करा, साध्या साबणानं तोंड धुवा आणि फोडांना हात लावू नका. दोन-तीन महिन्यांत उतरेल."

"दोन-तीन महिने?" भारत खुर्चीतून उठलाच. "मॅडम, मला या रविवारी सासरवाडीला जायचंय."

त्या रविवारवर सगळं टांगलेलं होतं. उन्हाळ्यात त्याची बायको दीपमाला सहा वर्षांच्या साक्षीला घेऊन हसनाबादला माहेरी निघून गेली होती. सासरे अण्णासाहेब निवृत्त मास्तर. वर्षावासात, म्हणजे पावसाळ्याचे तीन महिने, दर रविवारी बुद्धविहारात ग्रंथवाचन असायचं, ते अण्णासाहेबच करायचे. त्यांनी फोनवर एकच अट सांगितली होती. "दारू सोड. सोडल्यावर इथं ये, समाजासमोर बसून पंचशील म्हण. त्याच दिवशी लेक पाठवतो. पण खोटं म्हणशील तर परत या घराची पायरी चढू नको." भारतला अट मान्य होती. म्हणायचं तर खरंच होतं. फक्त अण्णासाहेब ऐकायच्या आधी बघणार होते. पोराचं तोंड बघून अभ्यास झालाय का नाही ते मी ओळखतो, असं जन्मभर सांगणारा माणूस तो.

मग भारतनं आपल्या धंद्याची अक्कल चालवली. तारेवर तेलाचा अंश असला की वार्निश धरत नाही. फडक्यानं थिनर फिरवला की तार लख्ख होते. तोंडावर तेलच माजलंय ना, मग ते काढायचं. थिनर लावण्याइतका तो येडा नव्हता. तो श्रेयांसच्या मेडिकलवर गेला आणि स्पिरिटची बाटली मागितली.

"जखमेला पायजे का?" श्रेयांसनं विचारलं.

"तोंडाला."

"अरे, तोंडाला नको लावूस. आग होईल, कातडी अजून खराब होईल."

"होऊ दे. रविवारपर्यंत कोरडं पडलं पायजे."

फोड कोरडे पडले नाहीत, काळपट पडले. मधली कातडी ताणून कागदासारखी झाली. हसायला गेलं की ओठाच्या कडेला चिरायची. तरी रविवारी तो घरून लावून निघाला, जालन्याला बस बदलताना स्टँडच्या भिंतीआड कापसाचा बोळा पुन्हा भिजवला, आणि बाटली सदऱ्याच्या खिशात टाकली.

विहारात माणसं पांढऱ्या कपड्यांत ओळीनं बसली होती. बायकांच्या बाजूला दीपमाला दिसली, शेजारी साक्षी. दीपमालानं त्याच्याकडं बघितलं आणि तिच्या कपाळाला आठ्या पडल्या. अण्णासाहेबांनी "जय भीम" घेतला, त्याला पुढं आपल्या शेजारी बसवलं, मेणबत्ती लावली आणि वंदना सुरू झाली. एकेक शील भारत मोठ्यानं म्हणत गेला. चौथं झालं. पाचवं, दारूचं, ओठांवर आलं तोच अण्णासाहेबांनी हात वर केला.

"थांब. हे तू म्हणू नको."

"मामा, का?"

"मलाच इचारतो? इथं वास सुटलाय."

वास कसला, ते भारतच्या लक्षात आलं. त्यानं घाईघाईनं खिशात हात घातला आणि बाटली वर धरली. "मामा, हे स्पिरिट हाये. फोडांना लावलंय. पिलो न्हाई मी, बिलकुल न्हाई!"

"स्पिरिट पिणारे बी पाह्यलेत आम्ही," मागून कोणीतरी बोललं. एक-दोघं हसले.

"लावायचंय म्हणतो ना मी! हे बघा, असं लावतो!" म्हणत त्यानं टोपण काढलं आणि बाटली तोंडावर उपडी केली.

उघड्या फोडांत ते उतरलं. भारत ओरडला नाही, त्याला श्वासच घेता येईना. डोळे मिटून तो जमिनीवर वाकला. कोणीतरी दंडाला धरून त्याला ओढत बाहेर नेलं, नळाखाली मान दाबली. गार पाणी लागल्यावर त्याला कळलं, की हात दीपमालाचा आहे.

"डोळे उघडू नका. अजून धुवा," ती म्हणाली. बऱ्याच वेळानं तिनं नळ बंद केला. "आता तोंड उघडा. हा करा."

त्यानं केलं. तिनं वाकून वास घेतला, पोलिसासारखा.

दारात अण्णासाहेब उभे होते, मागं सासू गिरिजाबाई. "काय?" अण्णासाहेबांनी विचारलं.

"न्हाई घेतली," दीपमाला म्हणाली.

म्हातारा जरा ओशाळला. "मंग आवर. लेकरू घे, जा त्याच्यासंगं. शब्द दिल्ता मी."

दीपमाला हलली नाही. तिनं भारतकडं बघितलं. "आज दिवसभर ती बाटली खिशात होती?"

"हो."

"उघडताना काय वाटलं? खरं सांगा."

आता "काही न्हाई" म्हटलं असतं तर ती निघाली असती. अण्णासाहेबांनी पाठवलीच असती. भारतला ते दिसत होतं, तयार ताटासारखं. त्याच्या गालांवरून पाणी ठिबकत होतं आणि प्रत्येक थेंब झोंबत होता.

"स्टँडवर वास घेतला," तो म्हणाला. "लावून झाल्यावर. दोनदा. बरं वाटलं."

गिरिजाबाईंनी पदर तोंडाला लावला. दीपमालानं पदरानंच त्याची मान पुसली, तोंडाला मात्र स्पर्श केला नाही.

"आज मी येत न्हाई," ती म्हणाली. "पुढल्या रविवारी या. तोंडाला काही न लावता. फुटलेलं असू द्या."

"अन् तवर मी काय करू?" त्याचा आवाज फाटला. "दुकान बंद केल्यावर घरात कोण हाये? दीपे, तुला माहीत न्हाई संध्याकाळी काय होतं."

"माहीत हाये. तवाच फोन लावा. रोज उचलीन."

एवढं बोलून ती आत गेली. दाराच्या चौकटीला धरून साक्षी उभी होती.

"पप्पा, दुखतंय?"

"हो."

ती जवळ आली नाही. आजीनं हात धरला तशी मान मागं वळवून त्याच्याकडं बघत आत गेली.

अण्णासाहेब थोडा वेळ घुटमळले. मग आत जाऊन त्यांनी वंदना पुन्हा पहिल्यापासून धरली. भारतचे डोळे सुजून फटीएवढे झाले होते. चपला चाचपडत बाजूला सारून तो आत शिरला आणि दारालगत, सगळ्यांच्या मागं बसला. शेजारचा माणूस वास आल्यासारखा जरा सरकला. दुसरं शील चाललं होतं. भारत चिरलेले ओठ हलवायला लागला.