खाडीच्या कालवांत मी पाहिलेलं विष

मित्रांनो, कॉलेजच्या या कपाटात पडून असलेला मी एक जुना सूक्ष्मदर्शक. माझ्या पाठीशी जांभळ्या उजेडाचा दिवा असे. मुंबईत बरीच वर्षं राबल्यावर १९८३ साली प्रभावतीबाईंनी मला गोधडीत गुंडाळून एसटीने रत्नागिरीला आणलं. त्या इथे रसायनशास्त्र शिकवत.

प्रयोगशाळेतल्या हरिश्चंद्र शिपायाची आई सोनूबाई खाडीतल्या खडकांवरची कालवं शिंपल्यांतून काढी. काही विकी, उरलेली घरी शिजत. हळूहळू तिची हाडं ठणकू लागली. डॉक्टर म्हणाले, वात आहे. बाईंना मात्र वरच्या अंगाच्या कारखान्यातून खाडीत येणाऱ्या पाण्याचा संशय होता. त्यात कॅडमियम हा विषारी धातू असला, तर तो कालवांत साठणार आणि खाणाऱ्याची हाडं ठिसूळ करणार.

तो डोळ्यांना दिसत नाही. म्हणून बाईंनी एक रंग बनवला. त्याच्या रेणूला जणू खेकड्याची नांगी होती. नांगीत कॅडमियम सापडलं, की रंग माझ्या दिव्याखाली हिरवा चमके. पण ती नांगी जस्तालाही धरी, आणि जस्त तर प्रत्येक कालवात असतंच. रंग लावल्यावर सोनूबाईच्या कालवांसारखीच स्वच्छ खाडीतली कालवंही चमकली.

"बाई, मंग मी कालवं खाव की नको?" सोनूबाईने विचारलं.

"अजून खात्री नाही हो, सोनूबाई. थोडं थांबा."

ती थांबली, पण तिचं खाणं कसं थांबणार? घरात कालवणाला दुसरं होतंच काय?

बाई दोन वर्षं ती नांगी बदलत राहिल्या. शेवटी त्यांनी तिच्यात गंधक बसवलं. गंधक कॅडमियमला घट्ट धरतं, जस्ताला तेवढं नाही. ८६च्या मार्चात स्वच्छ खाडीतलं कालव काळंच राहिलं आणि सोनूबाईच्या खाडीतलं हिरवंगार पेटलं. मी आनंदलो. मग हरिश्चंद्राने माझ्या भिंगाला डोळा लावला.

"बाई, ह्येच माज्या आयच्या अंगात हाय?"

तोवर नुसत्या खोकल्याने सोनूबाईची बरगडी मोडली होती. मे महिन्यात ती गेली.

तेराव्यानंतर हरिश्चंद्र वाडीत घरोघर सांगत फिरला. बायकांनी कालवं काढणं सोडलं. कारखान्याचं पाणी मात्र वाहतच राहिलं. पुढे माझा दिवा गेला. नवा कोणी आणला नाही. बाई निवृत्त होईपर्यंत मला स्वतः पुसत, पण सोनूबाईचं नाव त्यांनी पुन्हा काढलं नाही.

मित्रांनो, माझ्या भिंगांवर बुरशी चढते आहे, ती पुसा. आणि कुणाच्या ताटात विष पडतंय अशी नुसती शंका आली, तरी त्याला त्याच दिवशी सांगा. खात्री मागाहून करता येते.