तीन नंबरची राखाडी साडी

मी एक जुनी सुती साडी आहे. रंग राखाडी, काठ काळपट लाल. मित्रांनो, माझी कहाणी मी गोड आवाजात सांगणार नाही. माझा राग अजून गेलेला नाही.

नगरच्या कापड बाजारातून अश्विनीताईंनी अगदी सारख्या पाच साड्या घेतल्या. दुकानदार हसला, "ताई, आहेराच्या का?"

"नाही हो. रोज कामावर नेसायच्या."

ताई भिंगारच्या एका धर्मादाय दवाखान्यात केसपेपर काढत. रोज सकाळी कपाटासमोर उभं राहून 'आज काय नेसू' यात जीव घालवायचा नाही, एवढंच त्यांनी ठरवलं होतं. आम्ही पाचही जणी सारख्या झिजाव्यात म्हणून त्यांनी आमच्या पदरामागे लाल दोऱ्याने एक ते पाच आकडे घातले. मी तीन नंबरची.

सहा वर्षं आम्ही आळीपाळीने कामाला गेलो. कौतुक केलं ते एकट्या राहीबाईंनी. या आजी महिन्यातून एकदा खर्ड्याहून एसटीने यायच्या. काचबिंदूमुळे त्यांना चेहरे ओळखू येत नसत, रंग तेवढा कळे. दारातूनच त्या हाक मारायच्या, "कुठं हाय माजी राखंच्या रंगाची बाई?" मग ताई त्यांचा हात धरून डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेत. डॉक्टरही महिन्यातून एकदाच येत आणि बाराला निघून जात.

दवाखान्यातल्या बाकीच्या बायका मात्र आम्हाला हसत. नवरात्रात तर विचारू नका. नऊ दिवस नऊ रंग नेसायचे आणि रोज फोटो काढायचा! ताई आमच्यापैकीच एक नेसून जात. त्यांच्यातली निकिता म्हणायची, "ताई, तुम्ही जरा कडेला उभ्या राहा ना. तुमच्यामुळे फोटोत आभाळ भरून येतं." सगळ्या खिदळत. ताईही हसत, पण मी त्यांच्या खांद्यावर असायचे. ते हसू कसलं होतं ते मला ठाऊक आहे.

गेल्या वर्षी सातव्या दिवशीचा रंग राखाडी आला. राखाडी साडी त्यांच्यातल्या कोणाकडेच नव्हती. आदल्या संध्याकाळी त्याच बायका ताईंच्या टेबलाभोवती जमल्या.

"ताई, तुमच्याकडे तर पाच-पाच आहेत! एक द्या की."

"मलापण हं. धुऊन, इस्त्री करून देते."

चार गेल्या. पाचवी दवाखान्याच्या मोठ्या मॅडमनी मागितली. ताईंना नाही म्हणता आलं नाही. त्याचा मला त्यांच्यावरही राग आहे.

मी निकिताकडे गेले. दुसऱ्या दिवशी ताई जुनी पिवळी साडी नेसून आल्या, तर निकिताच म्हणाली, "अहो ताई, आज तरी राखाडी नेसायची!"

नेमक्या त्याच दिवशी राहीबाई आल्या. समोर निकिता उभी होती. आजींनी माझा पदर धरला. "आलीस का बाई? चल गं."

"आजी, बाकावर बसा. बोलावतील," निकिता म्हणाली आणि फोटोसाठी पळाली. पदर आजींच्या मुठीत होता. पिनेपाशी मी वीतभर फाटले.

आजी बसून राहिल्या. आपल्या बाईने सांगितलंय म्हणून निर्धास्त. आत खिडकीपाशी ताईंपुढे केसपेपरची रांग होती. त्या साडेबाराला बाहेर आल्या, तेव्हा डॉक्टर गेलेले होते.

"आजी, कधी आलात?"

ताईंनी धरलेला हात ओळखून राहीबाईंनी मान वर केली. "तू आज तुजी साडी कुठं टाकली गं? म्या तर तुलाच धरलं हुतं. तूच मला बस म्हनलीस."

ताईंनी आजींना एसटीपर्यंत नेऊन सोडलं.

निकिताने मला फाटकी बाजू आत येईल अशी घडी घालून, न धुता परत दिलं. ताईंनी ती घडी सगळ्यांसमोर उलगडली. म्हणाल्या, "ही तुमच्या फोटोसाठी नाही. यापुढे एकही मिळणार नाही." मग घरी जाऊन त्यांनी मला जाड लाल दोऱ्याने शिवलं.

मित्रांनो, दुसऱ्याची वस्तू मागण्याआधी ती तिथे कोणासाठी आहे, हे एकदा तरी विचारा. हसण्याआधीही विचारा.

पुढच्या महिन्यात डॉक्टरांनी राहीबाईंना तपासलं आणि उशीर झाल्याचं सांगितलं. आजींना आता रंगही कळत नाही. त्या यायच्या दिवशी ताई मलाच नेसतात. त्या दारात थांबून हात पुढे करतात, पदर चाचपतात. बोटांना माझी जाड शिवण लागली, की मग म्हणतात, "हां. हीच ती."