दंडातली काडी

माझ्या डाव्या दंडात एक काडी आहे. आतल्या बाजूला, कातडीखाली, आगपेटीतल्या काडीएवढी. दिसत नाही, पण चाचपली तर बोटाला लागते. आणि आमच्या गावात चाचपायला कुणालाही बंदी नाही.

दुसरी मुलगी झाली तेव्हा माझ्या अंगात रक्तच उरलं नव्हतं. नागभीडच्या दवाखान्यात रक्ताच्या बाटल्या चढवाव्या लागल्या. डॉक्टरीणबाईंनी पियुषला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, समोर उभं करून सांगितलं, "तीन वर्षं दिवस राहता कामा नयेत. राहिले तर बायको हातची जाईल." तो नुसती मान हलवत होता. पुढे मुलीला लस टोचायला गेले तेव्हा माधवी सिस्टरने दिवस राहू न देणाऱ्या या नव्या काडीचं सांगितलं. तांबी मला नको होती, गोळी लक्षात राहत नाही, आणि नवऱ्याच्या भरवशावर राहायला मी काही वेडी नाही. मी दंड पुढे केला. मधूनमधून थोडं रक्त जाईल, घाबरू नको, आणि काढायची झाली तर इथेच ये, हेही सिस्टरने बजावलं.

पहिली आली शेजारची दीपाली वैनी. "कुठी आहे व? दाखव न!" म्हणाली आणि मी बाही वर करायच्या आत दाबूनच पाहिलं. मग तिची जाऊ आली, मग पिठाच्या चक्कीवरच्या बाया. कुणाचे हात शेणाचे, कुणाचे मासोळीचे. "सरकते व माय!" म्हणून किंचाळायच्या आणि पुन्हा दाबायच्या. बाजारातली वांगीसुद्धा कुणी इतकी दाबत नाही.

पण सगळ्यात किळस यायची ती पियुषच्या अंगठ्याची. तो दिवसभर खर्रा खातो. पन्नीत सुपारी, तंबाखू आणि चुना टाकून अंगठ्याने घोटत बसतो. त्या अंगठ्याचं नख तपकिरी झालंय आणि त्याला एक ओला, आंबूस वास येतो. जेवण झालं की त्याच अंगठ्याने तो माझी काडी घोटायचा. "अजून विरघळली नाई काय?" असं विचारायचा. त्याला मुलगा हवा होता, तोही लगेच. डॉक्टरीणबाईंसमोर हलवलेली मान दवाखान्याच्या फाटकातच राहिली होती. मी साबण लावून दंड घासायचे, पण वास जायचा नाही.

मग डाग दिसायला लागले. आमच्या घरी पाळीत बाई बाहेरच्या छपरीत बसते, चार दिवस. माझ्या सासूबाईंचा, कमळाबाईंचा, नियम साधा आहे: डाग दिसला की पहिला दिवस. पण काडीचे डाग आज येतात, उद्या जातात, परवा पुन्हा येतात. त्यामुळे माझा पहिला दिवस काही संपेना. सासूबाई ताट लांबून सरकवायच्या. तान्ही पोर पाजायला द्यायची तर आधी जमिनीवर ठेवायच्या, मग मी उचलायची. धानाच्या रोवण्याला, म्हणजे लावणीला, मात्र मी चालत होते, चिखलाला विटाळ होत नाही ना! आणि संध्याकाळी पियुष छपरीत येऊन काडी घोटायचा. अख्ख्या अंगाला विटाळ, दंडातल्या तेवढ्या जागेला नाही. शी!

"आई, हे पाळीचं नाई. काडीनं असं होते, सिस्टर म्हणे," मी सांगितलं.

"रगत ते रगत. काडी काढून टाक अन् ये घरात."

"अन् पुन्हा दिवस राह्यले तर? मी मरीन न!"

"माह्या सासूनं आठ बाळंतपणं काढली," सासूबाई म्हणाल्या. ती आठव्यातच गेली, हे त्या सांगत नाहीत.

मी ऐकत नाही म्हटल्यावर त्यांनी मुखरूभाऊला बोलावलं. मुखरूभाऊ गावातल्या बैलांच्या खुरातले काटे काढतो. ब्लेड घेऊन आला. तोंडात खर्रा होताच. छपरीच्या खांबावर थुंकला, हात धोतराला पुसला आणि म्हणाला, "आण व बाई दंड. काट्याहून सोपं काम आहे."

पियुषने माझं मनगट धरलं. मुखरूभाऊने काडी कातडीसकट चिमटीत उचलली आणि ब्लेडचा कागद दातांनी फाडला. कागदाबरोबर लाळेचा एक तपकिरी थेंब माझ्या दंडावर पडला.

मला ओकारी आली. आवरलीही नाही मी. सगळी मुखरूभाऊच्या पायांवर. दोघं उडी मारून मागे सरले आणि माझा हात सुटला.

"लय झालं तुहं!" पियुष ओरडला. "आज काडी मोडूनच टाकतो!"

आणि तोच चपापला. काडी मोडणं म्हणजे काय, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं. माझ्या आत्याच्या नवऱ्याने पंचांसमोर गवताची काडी मोडली होती, तिथेच आत्याचा संसार संपला. काडीमोड. सासूबाईंनी पदर तोंडाला लावला.

मी कोपऱ्यातल्या झाडूची एक काडी उपसली आणि पियुषपुढे धरली.

"दंडातली निघणार नाई. तिच्यावरच माहा जीव तगून आहे. मोडाचीच असन तर हे घ्या, हे मोडा. मुखरूभाऊ पंच म्हणून आहेतच. मी पोरीयले घेऊन जाते माहेरी."

पियुषने काडी हातात घेतली. सवयीने अंगठा तिच्यावर फिरला. काडी वाकली. त्याने आईकडे पाहिलं. आईने शेताकडे पाहिलं.

"रोवणा अर्धा राह्यला आहे न," सासूबाई पुटपुटल्या.

पियुषने काडी झाडूत परत खोचली. माझी किंमत तेवढी होती, अर्ध्या रोवण्याएवढी. त्या दिवशी मला सगळ्यात जास्त किळस त्याचीच आली, मुखरूभाऊच्या थुंकीपेक्षाही. पण काडी दंडात होती.

"यापुढं अंगठा लावाल," मी पियुषला म्हटलं, "तर पुढची काडी मीच मोडीन."

मग दंड धुतला, चूळ भरली. धाकटीला कडेवर घेतलं. डाग होता. तशीच मी सासूबाईंच्या समोरून स्वयंपाकघरात गेले आणि भाताच्या गंजातून आपल्या हाताने भात वाढून घेतला.