साडेचार हात

“ह्यो पडदा हाय का दूध गाळायचं फडकं?” स्टुलाचे पाय धरून बसलेले साहेबराव नाकातल्या नाकात पुटपुटले.

तानुबाईंना ऐकू गेलं. त्या पडद्याच्या चुण्या सारख्या करत राहिल्या. स्टुलावर दोघांचा मुलगा ज्योतीराम उभा होता. तारेचं एक टोक त्यानं दातात धरलं होतं, दुसरं डाव्यानं खिळ्याला अडकवत होता. उजवा नेहमीसारखा शर्टाच्या लांब बाहीत.

दोन खोल्यांमधलं सरकतं दार त्यानंच केलेलं. भंगारातला रूळ, चार बेअरिंगा आणि दुधी काचेचा एक पल्ला. बसवलं तेव्हा काळेवाडीतली सगळी आळी येऊन एका बोटानं सरकवून बघून गेली होती. दुसरा पल्ला दिवाळीला करायचा होता. त्याआधीच, कामाच्या शेडमध्ये, प्रेसखाली ज्योतीरामची चार बोटं गेली. निम्मं दार उघडं राहिलं ते राहिलंच, आणि त्या दिवसापासून घरातून एक शब्दही गेला. ‘हातपाय धुवा’ कुणी म्हणेना, ‘मोरीत जाऊन या’ म्हणायचे. साहेबराव तर शेजारी हातोडी मागायला गेले आणि “ते ठोकायचं द्या जरा” म्हणून उभे राहिले.

आज तळेगावचे मारुतराव आपल्या मुलासाठी ज्योतीरामच्या बहिणीला, कस्तुराला बघायला यायचे होते. मागचं स्थळ चहापर्यंत चांगलं बोलत होतं. मग ज्योतीरामनं डाव्यानं कप घेतला, आणि मंडळी ‘कळवतो’ म्हणून उठली. म्हणून साहेबरावांनी चार दिवस आधीच बजावलं होतं.

“जाड कापड घे. गडद. पलीकडचं दिसता कामा न्हाई.”

पलीकडं एक बाज होती. बाजेवर कोण बसतं, ते त्यांनी सांगितलं नाही आणि तानुबाईंनी विचारलं नाही.

“किती हात लागंल, मावशी?” चिंचवडच्या दुकानदारानं विचारलं होतं.

कोपरापासून मोजून त्यांनी उंची पक्की केली होती. साडेचार. पण आकड्यापुढचा शब्द काही तोंडातून निघेना. शेवटी पिशवीतून मापाची सुतळी काढून त्यांनी फळीवर ठेवली.

“एवढं.”

दुकानदारानं घोंगडीसारखं निळं कापड पसरलं. घरातून निघताना कस्तुरा कानाशी लागली होती, “आई, पलीकडचं दिसंल असंच आण.” तानुबाईंनी निळं बाजूला सारलं आणि पांढरं पातळ वॉयल उचललं.

“आतनं तुझं जुनं लुगडं लावू,” साहेबराव आता म्हणाले. “अस्तर म्हणून.”

“माझी लुगडी मला नेसायला लागत्यात.”

ज्योतीराम स्टुलावरून उतरला. हसला नाही, पण गालात काहीतरी हललं. मग वडिलांनी खुणावायच्या आतच तो पडद्यापलीकडं जाऊन बाजेवर बसला.

मारुतराव आले. अठरा वर्षं कारखान्यात लेथवर टर्नर असलेला माणूस. पोहे समोर तसेच आणि नजर वरच्या रुळावर. राहवेना तेव्हा उठले, काचेच्या पल्ल्याला एक बोट लावलं. पल्ला चूंही न करता सरकला. त्यांनी परत आणला, पुन्हा सरकवला.

“आमच्या साहेबाच्या केबिनला बी असलं दार न्हाई. कुणाच्या हातचं काम हे?”

कस्तुराची बशी अधांतरी थांबली. वॉयलमागं एक सावली अंग चोरून बसली.

साहेबरावांनी टोपी काढली, झटकली, परत घातली.

“होता एक मिस्त्री.”

होता! तानुबाई पदर खोचून उठल्या. पडदा धरला आणि तारेच्या टोकापर्यंत ओढून टाकला. ज्योतीरामनं उजवा टॉवेलखाली घेतला होता.

“टावेल काढ, ज्योती.”

त्यानं एकदा वडिलांकडं बघितलं. मग काढला.

तानुबाई मारुतरावांकडं वळल्या.

“ह्या हातचं, पाव्हणं.”