टेबलाखालची मशीन

महेंद्र जतला दारं बसवून मिरजेला परतला, तेव्हा सुतारकामाच्या कारखान्यात लाकडाला खाचा पाडायची नवी राऊटर मशीन टेबलाखाली उलटी बसलेली होती. खंडेनवमीचं हळदकुंकू अजून ताजं होतं. हवेच्या जाळीत कुंकू गेलं होतं आणि त्यावर झेंडूची पाकळी चिकटली होती.

"मुहूर्त साधला गड्या," भागीदार गुंडा म्हणाला. लष्करातून निवृत्त होऊन त्यानं महेंद्रबरोबर हे काम सुरू केलं होतं. दरवर्षी अवजारं तोच पुजायचा. महेंद्रच्या घरात पूजा नव्हती. पण त्यानं कधी हरकत घेतली नव्हती, उलट खोबरं चवीनं खायचा.

आज मात्र वाकून बटण पाहिलं आणि त्याची कानशिलं तापली. बटण एकदा दाबलं की चालू राहावं, स्पीड कमी करता यावा, लाकूड कापणाऱ्या बिटाची उंची सहज बदलता यावी, अशीच मशीन आण, हे त्यानं जाण्याआधी गुंडाला बजावलं होतं. ही मात्र हातात धरून चालवायची मशीन होती. बोट सुटलं की बंद पडणारी. गुंडानं ते बटण काळ्या टेपनं आवळलं होतं.

"बंद कशी करायची?"

"भिंतीतली पिन काढायची की."

"हात बिटात गेल्यावर भिंतीपतोर पळणार हाईस?"

"पलटणीत लय मशिनी अशाच चालवल्या. भ्यालास व्हय रं?"

महेंद्र काही बोलायच्या आत गुंडानं मशीन सुरू केली आणि फळी डावीकडून उजवीकडे रेटली. हातातली मशीन तशी ओढतात. टेबलाखाली उलटी बसवली की लाकूड उजवीकडून डावीकडे सारायचं असतं. बिटानं फळी हिसकली. ती खिडकीची काच फोडून बाहेर गेली आणि तोल जाऊन गुंडाचा तळवा बिटाच्या जेमतेम बोटभर अलीकडं टेकला. मशीन किंचाळतच होती. महेंद्रनं झेप घेऊन पिन उपसली.

गुंडानं बोटं हलवून पाहिली. "काय झालं न्हाई."

"न्हाई?" महेंद्रनं टेप ओरबाडून काढली. "तुझी बोटं वाचली म्हणून काय झालं न्हाई? उद्या मी हुबा असतो हितं! ही बदल, न्हाईतर दुसरा भागीदार बघ."

"पुजलेली मशीन परत करायची?"

"चालवून बघायच्या आधी पुजलीस कशाला?"

मशीन स्कूटरवर घालून दोघं ती बदलायला सांगलीच्या दुकानात गेले. दुकानदार नानासोंनी जाळीतलं कुंकू बोटानं पुसलं.

"आवं, ही मी आता कुणाच्या गळ्यात मारू?"

"ऱ्हाऊ दे. हातकामाला वापरू," महेंद्र म्हणाला. "टेबलाखाली बसवायची दाखवा."

"दोन-दोन कशाला रं?" गुंडा कुरकुरला.

"तुझ्या मुहूर्तापायी."

नानासोंनी जड मशीन काढली. महेंद्रनं ती काउंटरवर उलटी धरली.

"सरळ धरा की," नानासो हसले.

"आमच्याकडं ती उलटीच राबणार हाय."

त्यानं बिट न लावताच मशीन सुरू केली, बटणावरचं बोट काढलं. ती चालूच राहिली. स्पीडची चकती फिरवली, तसा आवाज खाली आला.

"चालती की झ्याक," गुंडा म्हणाला. "घेऊन टाक."

"चालती ते दिसलं." महेंद्रनं त्याचं मनगट धरून बोट बटणावर टेकवलं. "आता बंद कर."