आजीच्या ओट्यावरचा फळा

मित्रांनो, मी एक जुना फळा आहे. शाळेतला नव्हे हं, स्वयंपाकघरातला! आजोबा सुतार. मोडक्या टेबलाच्या फळीला रंधा मारून, काळा रंग देऊन त्यांनी मला घडवले आणि ओट्याच्या वर टांगले. "घे, शीक बाई आता तुझं इंग्रजी," ते आजीला म्हणाले.

आजीला इंग्रजी हवे होते ते नातीसाठी. मुलगा परदेशी स्थायिक झालेला. नातीला आपली भाषा येतच नव्हती. तिच्याशी पोटभर गप्पा मारायच्या, एवढीच आजीची हौस. भाजी चिरता चिरता ती माझ्यावर क्रियापदे लिहून पाठ करी. ओले हात लागून मी डागाळलो, पण काय माझा रुबाब होता तेव्हा!

फोनवर नात दिसली की आजी सुरू होई. "ओपन द लाइट, आय सी यू!" नात खिदळत दिवा लावी. तिला सगळे समजायचे. पण मुलगा मध्येच म्हणे, "आई, लाइट 'ओपन' नाही गं करत, 'टर्न ऑन' करतात." आजी पुढे "ईट युवर मेडिसिन" म्हणाली, की पुन्हा, "ईट नाही, टेक!" मनाने वाईट नव्हता हो तो. पण एकदा अडली की आजीचे पुढचे बोलणे घशातच राही.

हळूहळू ती नुसते "हॅलो" म्हणून फोन आजोबांच्या हाती देऊ लागली.

"अगं, बोल की पोरीशी दोन शब्द."

"नको. माझं ऐकून तिचं इंग्रजी बिघडायचं."

माझ्यावर धूळ साचली. धुळीचे काही नाही. तिचे गप्प होणे मला सोसवेना.

मग एका आजारपणात आजी गेली. मुलगा नातीला घेऊन आला. ओट्यापाशी उभे राहून नातीने बापाला काहीतरी विचारले. एवढे इंग्रजी आता मलाही येत होते. "आजी माझ्यावर रागावली होती का? मी काय केलं होतं?" असे विचारत होती ती.

"काय म्हणतेय रे?" आजोबांनी विचारले. मुलाने कसेबसे सांगितले.

"नाही गं राणी! तुझ्यावर कशी रागावेल ती? तुझ्यावर जीव होता तिचा!"

नातीला त्यातले अक्षरही कळले नाही. ती बापाच्या तोंडाकडे बघत राहिली. आणि त्याला हुंदक्यांपुढे बोलता येईना.

मित्रांनो, घरात कुणी चुकतमाकत नवी भाषा बोलत असेल, तर त्याला जरूर शिकवा. पण आधी त्याचे बोलणे पुरे होऊ द्या. एवढे ऐका माझे.