नाल्याच्या इकडे एक खडा

वहाबला चोर ठरवायला आमच्या गावाला अर्धी दुपारसुद्धा लागली नाही. गावची दगडी विहीर त्यानेच बांधली होती. चुना बैलांच्या घाण्यात मळून घेतला, एकेक दगड हातोडीने वाजवून पाहिला, आणि विहीर पुरी झाली त्या दिवशी याच गावाने त्याला खांद्यावर घेऊन नाचवलं होतं. यंदा उन्हाळ्याच्या तोंडी तिला वरपासून पाण्यापर्यंत भेग पडली, दगड निखळायला लागले, आणि पारावर कायम ठाण मांडून बसणाऱ्या लटारूने जाहीर केलं, "चुन्यात माती घातली त्यानं. चोर हाय." झालं! पारावरच्या सगळ्या शहाण्यांनी माना डोलावल्या.

आमच्या इथून कोरपना गावाकडे सडक जाणार होती. निजामाचं राज्य जाऊन वर्षं लोटली तरी आमचा चिखल काही गेला नव्हता, म्हणून सडकेचं सगळ्यांना भारी कौतुक. तिच्या गिट्टीसाठी नाल्यापलीकडच्या टेकडीत खदान उघडली. लाल झेंडा लागायचा, शिट्टी व्हायची आणि थोड्या वेळाने सुरुंग उडायचा. भेग पडली ती खदान सुरू झाल्यावर, हे शेंबड्या पोरालाही कळत होतं. मी पारावर तसं म्हटलं तर सरपंच भैयाजी हसला. गिट्टी वाहणाऱ्या बैलबंड्या त्याच्याच होत्या.

"मनकर्णाबाई, नाल्याच्या इकडे एक तरी खडा येऊन पडला का? दाखव मले. खडाच आला नाई, तं विहीर फुटली कशानं? हवेनं?"

सगळे हसले. मी रागारागाने घरी निघून आले.

वहाब आमचा शेजारी, आमची भिंत एक. पुढच्या गावची विहीर तो बांधणार होता. त्यांचा निरोप आला, येऊ नको. त्याची बायको आबिदा माझ्या दारात येऊन बसली. तिचे डोळे सुजलेले होते.

"सामान बांधून राह्यले ते," ती म्हणाली. "हैदराबादले जाऊ म्हणतात. म्हणतात, जिथी चोर म्हटलं तिथलं पानी प्याचं नाई."

मी तशीच उठले आणि विहिरीवर गेले. का गेले कोण जाणे, घरात बसवत नव्हतं एवढं खरं. पाण्यावर कडब्याचा भुसा तरंगत होता. टेकडीवर झेंडा लागला होता. मी अनवाणी काठावर उभी राहिले.

आधी तळव्यांना हिसका बसला. मग कुठे धडाम् ऐकू आलं. म्हणजे जे आलं ते हवेतून नव्हतं आलं, भुईतून आलं, आणि आवाजाच्याही आधी आलं! खाली पाहिलं तर भिंतीच्या कडेपासून मध्याकडे बारीक लाटा धावत होत्या. भुसा जागच्या जागी वरखाली झाला आणि होता तिथेच थांबला. लाटा मात्र पलीकडच्या भिंतीला जाऊन धडकल्या. तेवढ्यात भेगेतून चुन्याचा एक खपला सुटला आणि डुबुक् करून पाण्यात पडला.

मला माझं उखळ आठवलं. मी कांडायला बसले की भिंतीपलीकडे आबिदाच्या फडताळात बशा वाजतात. मुसळ काही तिच्या घरात जात नाही, धानाचा एक दाणाही जात नाही. जातो तो नुसता जोर. भुईचा एक कण दुसऱ्याला ढकलतो, दुसरा तिसऱ्याला, आणि कण आपापल्या जागी बसलेले असतात. टेकडी फोडण्याइतका जोर! त्यातला थोडा तरी इकडे पोचणारच. रोज असे धक्के खाल्ल्यावर दगडाची भिंतसुद्धा किती दिवस तग धरणार?

मी भाबडी. मला वाटलं, भैयाजीला एवढंच समजलेलं नाही, समजावून सांगितलं की समजेल. दुसऱ्या दिवशी त्याच्या घरी गेले. तो बाहेर होता. त्याची बायको रुखमाबाई म्हणाली, बसा. बसले न बसले तोच टेकडीवरून शिट्टी आली. रुखमाबाई झटकन उठली, आणि फळीवरच्या लोणच्याच्या बरण्या एकेक करून खाली, अंथरलेल्या गोधडीवर ठेवायला लागली. कंदिलाची काचही काढून बरण्यांजवळ ठेवली.

"हे काऊन करता, बाई?" मी विचारलं.

"अव, शिट्टी झाली का उतरवा लागते. मांगं दोन बरण्या पडल्या फळीवरून. तवापासून यायनं सांगून ठेवलं हाय."

यायनं! म्हणजे भैयाजीने. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. याला सगळं ठाऊक होतं. स्वतःचं लोणचं वाचवायचं ठाऊक होतं, आणि शेजारच्या माणसाची अब्रू जात होती तेव्हा हा पारावर बसून खडे मोजत होता.

संध्याकाळी सगळे पारावर जमले होते. मी वहाबला हाताला धरून घेऊन गेले. तो येत नव्हता, मी ओढून नेला. आणि सगळ्यांसमोर विचारलं, "भैयाजी, खडा नाल्याच्या इकडे येत नाई ना? मंग शिट्टी झाल्यावर तुमच्या घरच्या बरण्या गोधडीवर काऊन उतरतात?"

त्याचं तोंड पाहण्यासारखं झालं. "बायामाणसाचं काई ऐकू नका," तो म्हणाला.

"नका ऐकू. उद्या शिट्टी झाली का सगळे चला यायच्या घरी. आपल्या डोळ्यानं पाहा."

भैयाजी घसा खाकरत म्हणाला, "बरण्या हालतात, तेवढं माहीत होतं. विहिरीचं कोणाले ठाऊक? बरं, जाऊ दे, झालं गेलं. आपल्याले काळजी घ्या लागते, एवढंच."

वहाब पुढे सरकला. तो बोलला, अगदी हळू. "भैयाजी, तुमी बरणी उतरवली. म्या विहीर कुठी उतरवू?"

ज्यांनी ज्यांनी चोर म्हटलं होतं ते सगळे आपापल्या पायाची नखं पाहत बसले. वहाब वळून निघाला. असं गुपचूप बसून सुटायची ही यांची जुनी खोड, आणि त्यापायी तो घरी जाऊन सामान बांधणार होता. मी त्याचा दंड धरला आणि लटारूपुढे जाऊन उभी राहिले.

"म्हण आता."

"काय म्हणू, बाई?"

"चोर नाई म्हण."

तो पुटपुटला, "वहाबभाई चोर नाई."

"ऐकू नाई आलं," मी म्हटलं. "चोर जेवढ्या जोरानं म्हटलं होतं, तेवढ्याच जोरानं म्हण. पुढच्या गावाले ऐकू गेलं पाह्यजे."